निमगोरा अंगठा

फोनात साडेतीन हजारांहून जास्त इमोजी आहेत आणि त्यांत मोदक नाही. उडती तबकडी आहे, परग्रहवासी आहे, दोन डोळे लावलेला विष्ठेचा हसरा ढीग आहे. मोदक नाही. मोदक ज्यांच्यासाठी करायचा ते गणपतीही नाहीत, आणि येणारही नाहीत. इमोजींची यादी ठरवणारी युनिकोड कन्सॉर्शियम नावाची संस्था कॅलिफोर्नियात आहे आणि तिच्या नियमांत लिहूनच ठेवलंय की देवदेवतांचे प्रस्ताव घेतले जाणार नाहीत. नियम शहाणपणाचा आहे. एकदा गणपती दिला की सोंड डावी का, उजवी का नाही, यावर एकट्या पुण्यातून इतक्या हरकती जातील की संस्थेला सदाशिव पेठेत शाखा काढावी लागेल.

म्हणून चतुर्थीच्या सकाळी प्रत्येक घरात बाप्पा सुट्या भागांतून जोडले जातात. आधी हत्ती. हा हत्ती अंगावर झूल नाही की दागिना नाही, असा एका कडेने निघालेला असतो. त्याला आरतीशी काही देणंघेणं नसतं. मग जास्वंद. जास्वंद २०१० पासून तिथे आहे. बाप्पाच येणार नाहीत हे तिला कुणी कळवलं नसावं. मग उंदीर, त्यात पांढरा की करडा हा प्रश्न. दूर्वांच्या जागी कसलीशी हिरवी डहाळी. आणि शेवटी नैवेद्य म्हणून डंपलिंग, जे २०१७ साली नूडल्सच्या खोक्यासोबत आणि खायच्या काड्यांसोबत आलं. ते खरं तर करंजीसारखं दिसतं. पण भाद्रपदात त्याला मोदक म्हणायचं आणि आश्विनात करंजी, अशी तडजोड सगळ्यांनी न बोलता मान्य केलेली आहे.

स्वयंपाकघरातला बाकीचा पसाराही असाच उसनवारीवर चालतो. जपानी करीभात आपल्याकडे आमटीभात होतो. २०२० साली आलेली एक चपटी, डाग पडलेली रोटी होळीला पुरणपोळी असते, संक्रांतीला गुळाची पोळी असते आणि हुरडा पार्टीच्या आमंत्रणात बाजरीची भाकरी. वडापावाच्या जागी बर्गर. या बर्गरवरून २०१७ मध्ये जगभर वादळ उठलं होतं, कारण गुगलच्या चित्रात चीज पॅटीच्या खाली होतं आणि इतरांच्या चित्रांत वर. गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी हातातली सगळी कामं टाकून सोमवारी यात लक्ष घालू, असं जाहीर केलं होतं. अर्थात गमतीत. पण वड्याखालची लाल चटणी गायब आहे म्हणून दादरला कुणी एक दिवस तरी गाडी बंद ठेवली का? आपण सोसतो.

२०१९ हे साल त्या मानाने भरभराटीचं गेलं. त्या वर्षी रिक्षा आली, साडी आली, पणती आली, देऊळ आलं. त्याच वर्षी कांदा आणि लसूणही आले. देऊळ आणि कांदा-लसूण एकाच खेपेला पाठवणाऱ्यांच्या घरी चातुर्मास पाळत नसावेत. रिक्षा हुबेहूब आहे, फक्त ती कुठेही जायला तयार असल्यासारखी दिसते. साडी पाचवारी आहे, नऊवारीची सोय नाही. पणतीचं मात्र फार बरं झालं. त्याआधीची कित्येक वर्षं लोक दिवाळीच्या शुभेच्छांना मेणबत्ती लावत असत, आणि मेणबत्ती पाहिली की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न यायचा, कोण गेलं? आता पणती आली, तर मंडळींनी तीही दोन्हीकडे लावायला घेतली. वसुबारसेलाही पणती आणि ‘आमचे आधारवड हरपले’ याच्याखालीही पणती. संदर्भ वर स्क्रोल करून घ्यावा.

मुळात हा सगळा संसार जपान्यांचा. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो या मोबाइल कंपनीच्या सेवेसाठी १७६ चित्रं केली. प्रत्येक चित्र उभे बारा ठिपके आणि आडवे बारा ठिपके एवढ्या जागेत. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे संच झाले आणि एकाच्या फोनावरून दुसऱ्याच्या फोनावर भलतंच काही पोचू लागलं, तेव्हा या चित्रांना सगळीकडे सारखा क्रमांक मिळावा म्हणून ती युनिकोडमध्ये घेतली गेली. तरी जपानी खुणा अंगावर राहिल्याच. फुलांच्या रांगेत एक पांढरं, गोल, पाकळ्यांची महिरप असलेलं फूल आहे. आमच्या ओळखीतल्या एक मावशी दर गुरुवारी ‘शुभ सकाळ’च्या दोन्ही बाजूंना ते फूल अनंताचं म्हणून वाहतात. जपानात ते शाळेतल्या बाई गृहपाठावर ‘शाब्बास’ म्हणून मारतात त्या शिक्क्याचं चित्र आहे. म्हणजे कित्येक गुरुवार मावशी दत्तगुरूंना शाब्बासकी देत आल्या आहेत. त्यांना हे सांगायची कुणाची छाती नाही, आणि दत्तगुरूंची तक्रार नाही.

युनिकोडच्या ज्या आवृत्तीत हे इमोजी घाऊक भावाने आत आले ती ऑक्टोबर २०१० ची. त्याच आवृत्तीत, त्याच दारातून आपलं रुपयाचं नवं चिन्हही आत गेलं. आयआयटी मुंबईच्या उदय कुमार यांनी केलेलं ते चिन्ह सरकारने जुलैत स्वीकारलं आणि तिसऱ्या महिन्यात त्याला क्रमांक मिळाला. सरकारी कामाचा हा वेग पाहता ते चित्र होतं म्हणूनच सुटलं असावं. पण गंमत अशी की चिन्ह मिळालं, नोट नाही मिळाली. इमोजींत येनची नोट आहे, डॉलरची आहे, युरोची आहे, पाउंडाची आहे. पैशांची थैली आहे, तिच्यावरही डॉलर. रुपयात व्यवहार करणाऱ्या माणसाला आपली गरिबी चित्रातून दाखवायची तरी परकीय चलन लागतं.

२०१४ ची आवृत्ती तर याहून सरस. त्या वर्षी युनिकोडमध्ये मोडी लिपी आली. पेशव्यांच्या दप्तरातली, कोर्टकचेऱ्यांतली, रुमालांत बांधून ठेवलेली मोडी. अंशुमान पांडे यांनी तिचा प्रस्ताव तयार केला होता. ती आत शिरत होती तेव्हा तिच्याबरोबर त्याच गाडीतून एक लाल मिरची, मधलं बोट वर केलेला एक हात आणि जमिनीपासून वीतभर वर तरंगणारा सुटातला एक माणूस हेही उतरले. हा तरंगता माणूस कशासाठी वापरायचा हे मी पुष्कळांना विचारलं. मोडी वाचणारी माणसं शोधली तर सापडतात. याचा उपयोग सांगणारा अजून भेटलेला नाही.

हवा तो इमोजी शोधणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. चेहऱ्यांच्या कप्प्यात एकदा शिरलं की बाहेर पडायला रस्ता नाही. सगळे पिवळे, सगळे गोल, आणि चष्मा वर सारून पाहिलं तरी कुणाची भुवई किती वाकडी आहे ते कळत नाही. शोधायला वर एक चौकट असते. तिच्यात मराठीतून लिहिलं तरी बऱ्याचदा चालतं, कारण इमोजींना मराठी नावंही दिलेली आहेत. पण नावं चित्रात काय दिसतं ते सांगतात आणि आपण शोधतो ते पोटात काय चाललंय ते. ‘काय कटकट आहे’ असं लिहून काहीही सापडत नाही. काही नावं तर दिसतं तेही सांगत नाहीत. नाकपुड्यांतून वाफ सोडणारा तो चेहरा घ्या. तो अवघा महाराष्ट्र रागासाठी वापरतो. युनिकोडच्या दप्तरात त्याची नोंद मात्र ‘विजयाची मुद्रा असलेला चेहरा’ अशी आहे. आणि तिथला नियम असा की एकदा ठेवलेलं नाव पुन्हा कधीही बदलायचं नाही. आपल्याकडच्या चौकांना हा नियम लावला असता तर पत्ते सांगणं किती सोपं झालं असतं.

कचेरीतल्या संगणकावर तर लोक अजून चाचपडतात. विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि पूर्णविराम दाबायचा, की इमोजींची पेटी उघडते. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस. दोन-तीन बोटांचं काम. पण बहुसंख्य मंडळी गुगलवर ‘हसणारा चेहरा’ असं शोधतात, मिळालेला चेहरा तिथून उचलतात आणि ईमेलात आणून चिकटवतात. मग तो आजूबाजूच्या मजकुरापेक्षा चौपट मोठा दिसतो आणि रजेच्या अर्जाच्या शेवटी साहेबांकडे रोखून हसत बसतो.

तिसरी पद्धत अस्सल आपली आहे. हवा असलेला इमोजी शोधायचाच नाही. शेजारणीकडून विरजण आणावं तसा तो कुणाच्या तरी मेसेजातून उचलून आणायचा. ‘मोर कुणाकडे आहे गं?’ ‘वहिनींकडे आहे, मंगळागौरीच्या मेसेजमध्ये बघ.’ मोर २०१८ पासून सगळ्यांच्याच फोनात आहे. पण वहिनींच्या मेसेजातला मोर हा पारखलेला मोर असतो. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी लोकांचे मेसेज स्वतःलाच पाठवून कोठार केलंय: सणांचे वेगळे, वाढदिवसांचे वेगळे, दुःखाचे वेगळे. त्यांच्या हातून कधी गफलत होत नाही. फक्त त्यांच्या प्रत्येक शुभेच्छेवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का असतो.

माणूस ओळखायचा असेल तर त्याची पत्रिका मागू नये, त्याच्या इमोजींतली ‘अलीकडे वापरलेले’ ही रांग पाहावी. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांची रांग मला पाहायला मिळाली: जोडलेले हात, गुलाब, अंगठा, केक, पणती, आणि कोपऱ्यात चुंबन देणारा एक चेहरा. काका म्हणाले, ‘तो नातवासाठी आहे.’ मी काही विचारलंच नव्हतं. काकू शेजारी भाजी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘नातवाकडे फोन कुठे आहे?’ यानंतर काकांनी ती रांग रिकामी कशी करतात ते मला विचारलं.

इमोजी भावना व्यक्त करायला आहेत असं सगळीकडे छापून येतं. असेलही, इतरत्र. आपल्याकडे ते हजेरी लावायला आहेत. सोसायटीच्या ग्रुपचं उदाहरण घ्या. सेक्रेटरी लिहितात, ‘शनिवारी सकाळी दहा ते चार टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी बंद राहील. सहकार्य करावे.’ याखाली २०३ चे जोडलेले हात. १०४ चा अंगठा. ५०१ कडून गुलाब, कारण ते सगळ्याला गुलाबच देतात. लिफ्ट बंद पडली तेव्हाही दिला होता. ३०२ कडून केक आणि फुगा, कारण आदल्या मेसेजात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि बोट तिथेच होतं. मग कुणी सुरुवात केली म्हणून टाळ्या. टाळ्यांना उत्तर म्हणून सेक्रेटरींचे जोडलेले हात. अशी सगळ्यांची सही झाली, की शनिवारी साडेदहाला अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत ४०३ विचारतात, ‘पाणी गेलंय का?’ त्यांचाही अंगठा आदल्या रात्रीच उमटलेला असतो.

या सगळ्यांत जोडलेल्या हातांवर कामाचा बोजा सर्वांत जास्त. त्यांच्यावर नमस्कार आहे, आभार आहेत, माफी आहे, श्रद्धांजली आहे, ‘पोचलो’ आहे, ‘बरं, ठेवू का आता’ आहे आणि ‘तुमच्यापुढे हात टेकले’ हेही आहे. मे २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर मेसेजलाच चिकटवायच्या प्रतिक्रिया आल्या, तेव्हा पहिल्या सहांत अंगठा, बदाम, हसू, आश्चर्य, अश्रू आणि हे हात होते. तेव्हापासून टाइप करायचीही गरज उरलेली नाही. कुणाला देवाज्ञा झाल्याची बातमी आली की तिच्या कडेला हातांचा आकडा वाढत जातो आणि दुसऱ्या दिवशी घरातलं एक जाणतं माणूस त्या आकड्यावर टिचकी मारून यादी काढतं. ‘धाकट्या आत्याकडून कुणी काही टाकलेलं नाही’ ही नोंद तिथे होते आणि पुढल्या लग्नात मानपानाच्या वेळी वर येते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा रडका समजून कुणीतरी अशा बातमीखाली टाकला, हा प्रसंग प्रत्येक घराण्यात घडलेला असतो, तेव्हा तो इथे सांगत नाही. ऑक्सफर्डवाल्यांनी २०१५ साली त्याच चेहऱ्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. आपल्याकडच्या वापराची त्यांना कल्पना असती तर निवड समितीत मतभेद झाले असते.

त्याच २०१५ मध्ये हातांना आणि चेहऱ्यांना वर्ण मिळाले. पिवळ्या अंगठ्यावर बोट दाबून धरलं की पाच छटा समोर येतात. कातडीला ऊन किती लागतं हे मोजायची डॉक्टरांची फिट्झपॅट्रिक नावाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, तिच्यातल्या पहिल्या दोन एकत्र करून या पाच केल्या. उद्देश समतेचा. आपल्याकडे त्या हाती पडल्या तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे. लग्नाच्या बायोडेटात पिढ्यानपिढ्या वर्ण गोरा, गव्हाळ आणि निमगोरा असे तीनच असतात. सावळा शब्द वधुवरसूचक मंडळाच्या फॉर्मवर आला तरी त्यावर कुणी टिक करत नाही. आता फोनाने पाच दिले. आमच्या ग्रुपवर बहुतेक जण पिवळ्यावरच राहिले, कारण पिवळ्यात कुणाला काही म्हणता येत नाही. ज्यांना दाबून धरायची युक्ती कळली त्यांनी झाडून सगळ्यांनी अगदी पहिली छटा उचलली. भर मे महिन्यात शेतावर उभं राहून विहिरीचा फोटो पाठवणाऱ्या एका मामांचा अंगठा नॉर्वेतून आल्यासारखा दिसतो. एका होतकरू नवरदेवाने दुसरी छटा घेतली. मुलीच्या आजीने अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘निमगोरा आहे. खरं बोलतोय बिचारा.’

आता एक थोडी आतली गोष्ट, पण मराठी माणसाने माहीत करून घ्यावी अशी. युनिकोडमध्ये एक अक्षर असं आहे जे दिसत नाही आणि जागाही व्यापत नाही. दोन्ही बाजूंच्या अक्षरांना जोडून धरणं एवढंच त्याचं काम. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांत र आडवा होऊन मिशीसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो ना, तो टाइप करताना अनेक ठिकाणी हेच अदृश्य अक्षर मध्ये घालावं लागतं. नाहीतर र टुणकन उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसतो. इमोजींतलं चौकोनी कुटुंबही याच अक्षराने बांधलेलं आहे: पुरुष, मध्ये अदृश्य सांधा, स्त्री, सांधा, मुलगी, सांधा, मुलगा. आपल्याला एक चित्र दिसतं. आत चार सुटी माणसं असतात. फोन जुना असला आणि त्याला सांधा कळला नाही, की कुटुंब विभक्त होतं आणि चौघं एका रांगेत, एकमेकांकडे न बघता उभी राहतात. पुष्कळ घरांत रविवारी दुपारी दिसतं ते दृश्य यापेक्षा वेगळं नसतं. कुटुंबाचं माप मात्र तिथे जास्तीत जास्त दोन मोठी, दोन मुलं एवढंच. आजी-आजोबांना चेहरे आहेत, पण घरात जागा नाही.

वेबपानावर इमोजी टाकायचा तर तेही अवघड नाही. पानाच्या डोक्यावर अक्षरं यूटीएफ-८ पद्धतीची आहेत असं सांगायचं आणि सरळ चिकटवायचा. किंवा अँपरसँड, हॅश, १२८५१४ आणि अर्धविराम असं लिहिलं की तो हसून रडणारा चेहरा उमटतो. घोळ होतो तो पान दिसताना नाही, मजकूर साठवताना. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरी अक्षराला तीन लागतात आणि बहुतेक इमोजींना चार. तीन बाइटांपलीकडे काही असू शकतं हे काही डेटाबेसांना बराच काळ मान्यच नव्हतं. मराठी त्यात कशीबशी अंग चोरून बसायची; इमोजी आला की डेटाबेस तिथेच थांबायचा आणि पुढचा सगळा मजकूर टाकून द्यायचा. एका फराळवाल्यांच्या संकेतस्थळावर एका भल्या ग्राहक बाईंनी अभिप्राय लिहिला होता: ‘भाजणीच्या चकल्या खाऊन आजोबांचे दात पडले’, मग तो हसून रडणारा चेहरा, आणि पुढे ‘असंच होणार वाटलं होतं, पण काय खुसखुशीत निघाल्या! पुढच्या वर्षी दोन किलो.’ संकेतस्थळावर छापून आलं फक्त ‘भाजणीच्या चकल्या खाऊन आजोबांचे दात पडले’. पाच तारे मात्र शाबूत होते. त्यामुळे बाई आजोबांच्या वाईटावर आहेत असा अर्थ निघत होता.

पानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ज्यांची भिस्त आहे त्या दृष्टिहीन वाचकांचा छळ आणखी निराळा. तिथे इमोजीचं नाव उच्चारलं जातं. मंगलकार्यालयाच्या पानावर प्रत्येक ओळीच्या आधी सजावटीला तीन-तीन फुलं लावली असतील, तर भाडं किती आणि जेवणाचं ताट केवढ्याला हे कानावर पडायच्या आत अख्खी बाग ऐकावी लागते. संकेतस्थळ करणाऱ्यांनी एकदा स्वतःचं पान डोळे मिटून ऐकावं, एवढीच विनंती. आणि एसएमएस अजून ज्यांच्याकडून येतात, म्हणजे बँका, वीजवाले आणि निवडणुकीच्या काळातले इच्छुक, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना: साध्या इंग्रजी एसएमएसात १६० अक्षरं मावतात, पण एक गुलाब टाकला की मर्यादा ७० वर येते. मराठीत मर्यादा पहिल्यापासून ७० चीच आहे. म्हणजे गुलाबाचा भुर्दंड आपल्याला लागत नाही, तो आपण जन्मतःच भरलेला आहे.

शिवाय पाठवलं ते पोचेलच असं नाही. क्रमांक सगळ्यांचा एक असला तरी चित्र ज्याचं त्याचं. २०१६ मध्ये ॲपलने पिस्तुलाचा इमोजी बदलून हिरवी पिचकारी केली. इतर कंपन्यांनी तेच करायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात आयफोनवाल्या पुतण्याने ‘रंगपंचमीला येतोय, तयार राहा’ असं लिहून पिचकारी पाठवली, तर काकांच्या फोनावर रिव्हॉल्वर येत असे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी व्हायची असेल अशा घरात हा मेसेज शांतपणे वाचणं कठीण.

कायदाही आता यात उतरलाय. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य घेणाऱ्या एका कंपनीने २०२१ साली एका शेतकऱ्याला ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि करार पक्का समजायचा ना, असं विचारलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. पुढे भाव चढले, जवस काही आला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे मेसेज पोचला, एवढंच. न्यायाधीशांनी २०२३ मध्ये निकाल दिला की अंगठा म्हणजे सही, आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई करायला लावली. २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. अंगठा दिला की जमीन जाते हे आपल्या पणजोबांनी सावकाराच्या ओट्यावर शिकून घेतलं होतं. कॅनडाला थोडा उशीर झाला.

हा निकाल आमच्या सोसायटीच्या खजिनदारांच्या वाचनात आला आणि ते उजळले. मेंटेनन्सच्या आठवणीला दर महिन्याला तीसेक अंगठे येत आणि पैसे चौघांचे. त्यांनी निकालाचं कात्रण ग्रुपवर टाकलं, खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘यापुढे अंगठा म्हणजे थकबाकी मान्य असल्याची कबुली समजण्यात येईल’, आणि विषय पैशांचा आहे हे कळावं म्हणून पुढे डॉलरच्या नोटांची ओळ लावली, कारण रुपयाची मिळाली नाही. त्या दिवसापासून अंगठे बंद आहेत. ५०१ गुलाब देतात. बाकीचे हात जोडतात, आणि त्यातून ‘भरतो’ असा अर्थ काढायचा की ‘माफ करा’ असा, हे खजिनदारांना एकेकाच्या दारात जाऊन विचारावं लागतं. ४०१ च्या आजोबांनी तेवढा सविस्तर प्रश्न टाकलाय. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला आहे. डॉलरमध्येच भरायचे ठरले असतील तर तो तिकडून परस्पर भरेल, फक्त भाव कोणत्या तारखेचा धरणार तेवढं कळवावं.